पितळ समजून घासलेलं सोनं

कोलवाळचे बस्त्यांवबाब भेटले नसते तर मी निवृत्त होईपर्यंत खाणीवरच्या मोटारींच्या वायरी जोडत राहिलो असतो, आणि त्यात काही कमी आहे असं मला वाटलंही नसतं. माझ्यावर उपकार करणारी माणसं पुष्कळ आहेत. वडिलांनी खनिजाच्या ट्रकावर क्लीनर म्हणून लाल धूळ खाल्ली आणि मला म्हापशाच्या कॉलेजात घातलं. पार्सेच्या शाळेतल्या बाईंनी आपली पुस्तकं मला दिली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण पदवी मिळाल्यावर तिचं करायचं काय, हे मला एका गिटार वाजवणाऱ्याने दाखवलं. म्हणून संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं तेव्हा पहिलं नाव त्यांचं लिहिलं.

माझं काम म्हणजे जुन्या अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करणं, त्यांचे मूळ सुटे भाग शोधणं आणि जपून ठेवणं. डिचोलीच्या बाजारात कोणी विचारलं की मी हे सांगतो. समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, बरं, पण पोटासाठी काय करता?

पोटासाठी मी शिरगावजवळच्या एका खाणीवर विजेच्या विभागात होतो. राहायला साखळीला एक खोली. संध्याकाळी खोलीच्या पुढच्या भागात रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि जत्रेतल्या नाटकांचे अँप्लिफायर दुरुस्त करायचो. एका शनिवारी म्हापशाहून आलेल्या बसमधून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. डोक्यावर हॅट, एका हातात अँप्लिफायर, दुसऱ्या हातात लांबट काळी पेटी. त्यांचा म्हापशाचा कारागीर आखातात गेला होता, आणि साखळीला एक बीएस्सी झालेला पोरगा दुरुस्तीला बसतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अँप टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, “तूं बीएस्सी न्ही? मग सांग, हो रडटा कित्याक?”

का रडतो ते उघडून बघितल्याशिवाय कसं सांगणार, असं मी म्हणालो.

“दोतोर पयलीं पोट फाडटा आनी मागीर विचारता, कितें दुखता म्हण?”

अँपमध्ये दोष नव्हताच. तो होता गिटारमधल्या एका सुटलेल्या वायरीत, आणि त्यासाठी ती काळी पेटी उघडावी लागली. आमसुलाच्या पाण्यासारखा लाल रंग, कडेला हस्तिदंती रेघ, तारा धरणाऱ्या भागांवर सोन्याचा मुलामा. अशी वस्तू मी तोपर्यंत फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधी लाकडी गिटार सगळी पोकळ असते, तिचा आवाज पोटातून येतो. हल्लीच्या बँडवाल्यांची सपाट गिटार सगळी भरीव, तिचा आवाज येतो विजेतून. अर्धपोकळ गिटार या दोघींच्या मधली. मानेपासून शेपटीपर्यंत मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ पंख. वरच्या पातळ फळीला व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं. ठोकळ्यामुळे मोठ्या आवाजातही ती किंचाळत नाही आणि पंखांमुळे तिच्या सुरात थोडी हवा राहते.

तारांच्या खाली दोन पिकअप बसवलेले असतात. हा पिकअप म्हणजे भाजी वाहणारी गाडी नव्हे. एक लोहचुंबक, त्याला केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर धातूचं झाकण. गिटारची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि ती अँपकडे जाते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही वेटोळ्यात चुंबक ढकलून काटा हललेला पाहिला होता, वहीत आकृती काढली होती आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो होतो. मी वायर जोडल्यावर बस्त्यांवबाबांनी एक तार छेडली, आणि तोच धडा माझ्या टेबलावर गायला लागला. आपण शिकलो ते खरं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

या गिटारीला मागून झाकण नसतं, ही तिच्या दुरुस्तीतली मोठी अडचण. आतली बटणं, स्विच, वायरी, सगळं त्या वळणदार भोकातून बाहेर काढायचं आणि तिथूनच परत आत घालायचं. बाटलीच्या तोंडातून हात घालून आत ब्लाउज शिवण्यासारखं हे काम आहे. मी ते मासे गरवायच्या नायलॉन दोरीने करतो. प्रत्येक भागाला एक दोरी बांधतो. परत घालताना दोरी अलगद ओढत गेलं की तो भाग आपल्या भोकाशी येऊन नाक वर काढतो. पहिल्या वेळी मात्र माझ्याकडे दोरीही नव्हती आणि अक्कलही. स्विच तीनदा आत पडला. मी घामाघूम झालो, आणि स्टुलावर बसलेले बस्त्यांवबाब म्हणाले, “सवकास. हांवें बोटीर काम केलां. वेळ म्हजेकडेन खूब आसा.”

ते खरंच बोटीवर होते. प्रवासी बोटींच्या बँडमध्ये त्यांनी अर्धं जग पाहिलं, परदेशातल्या एका बंदरावर ही गिटार घेतली, मग मुंबईच्या हॉटेलांत वाजवलं, आणि गोवा मुक्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी लग्नांत आणि चर्चच्या फेस्तांत वाजवायला कोलवाळला परत आले. त्या शनिवारनंतर ते मला ‘बीएस्सी’च म्हणू लागले. बारदेशातल्या आणि सासष्टीतल्या आपल्या दोस्तांना त्यांनी माझ्याकडे पाठवलं. एकेकाळी बोटींवर, आफ्रिकेत, आखातात वाजवणारी ती माणसं. त्यांच्या खाटांखाली अशा गिटारी पडून असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. आपल्या घरी येणाऱ्या एका धार्मिक मासिकावरून त्यांनी मला रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचायलाही शिकवलं, कारण गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या त्या लिपीत यायच्या. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. जुना भाग बदलण्याआधी त्याला विचारून बघ, तो अजून काम करायला तयार आहे का. बहुतेक वेळा तो तयार असतो.

तेव्हापासून मी जुने भाग जमवायला लागलो. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं, आणि थोडं आहेही. कारखान्यात ज्या दिवशी गिटार तयार झाली त्या दिवशी तिच्यावर जे होतं ते ‘मूळ’. एखादं बटण बदललं, खिट्टी बदलली, की संग्राहकाच्या दृष्टीने ती उणी झाली. बेंगळुरूचे एक गृहस्थ माझ्याकडे भिंग घेऊन यायचे आणि स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा बघायचे. एका स्क्रूसाठी ते दोनदा आले, आणि दुसऱ्या वेळी येताना बायकोला आपण देवदर्शनाला चाललो आहोत असं सांगून तिलाही घेऊन आले. बिचाऱ्या वहिनी साखळीपर्यंत प्रसादाची पिशवी सांभाळत होत्या.

आमच्या हवेत मात्र हे भाग टिकवणं कठीण. खारा वारा धातू खातो. जुन्या सेल्युलॉइडला आंबट वास यायला लागला की समजावं ते आतून सडतंय, आणि शेजारच्या भागांनाही घेऊन जाणार. म्हणून हवा कोरडी राहायला माझ्या भागांच्या कपाटात बारा महिने विजेचा एक छोटा दिवा जळत असतो. आमच्या घरी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वाटतं तिथे देव आहेत. ती चप्पल काढतात. मी सांगत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. हरमलला राहणाऱ्या एका परदेशी माणसाची गिटार उलटी केली तर त्या वळणदार भोकातून वाळू, शिंपले आणि अर्धी मेणबत्ती पडली. डिचोलीच्या एका ट्रकमालकाने, मुलगा वाजवतो म्हणून, एक उत्तम जुनी गिटार मिळवली होती आणि ती ‘जुनाट दिसते’ म्हणून आपल्या ट्रकाच्या पेंटरकडे दिली होती. पेंटरने मन लावून काम केलं. दोन कमळं, एक मोर, मागे मुलाचं नाव, आणि खाली लाल-पिवळी नक्षी. तिच्याखाली कारखान्याचा तो मधापासून काळ्याकडे जाणारा रंग कायमचा झाकला गेला. मी कपाळाला हात लावला. मालकाने विचारलं, काय झालं, मोर चुकला का? मोर चुकला नव्हता. मोर फार चांगला होता. ती गिटार मी तशीच चालू करून दिली, आणि आज वाटतं बरं केलं, कारण तशी दुसरी जगात नसेल.

आता बस्त्यांवबाबांच्या गिटारीची गोष्ट.

त्यांची पत्नी वारली तेव्हा मुलीने त्यांना इंग्लंडला नेलं. गिटार कोलवाळला भाच्याकडे, जुझेकडे राहिली. इकडे खाणी बंद पडल्या आणि मी पूर्णवेळ याच कामाला लागलो. एक दिवस त्यांचा फोन आला. ते ओरडून बोलत होते.

“बीएस्सी, एक कान गेलो. दुसरो तिकेट काडून बसला.”

त्यांना गिटार हवी होती. पण घेतली तेव्हा होती तशी, मूळच्या पिकअपसह. डिस्कोच्या दिवसांत सगळ्यांना मोठा आवाज हवा असायचा, तेव्हा मुंबईत त्यांनी नवे पिकअप बसवून घेतले होते आणि जुने म्हापशाच्या एका लाउडस्पीकरवाल्याला देऊन टाकले होते. त्या काळी जुनं म्हणजे फक्त जुनं असायचं, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. आता मात्र त्यांना तोच आवाज एकदा ऐकायचा होता, ऐकू येतंय तोवर. मी लाउडस्पीकरवाल्याचं नाव विचारलं तर ते म्हणाले, इथे थंडी फार आहे. मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, हो, जेवतो वेळेवर. शेवटी मुलीने फोन घेतला. नाव तिने सांगितलं, आणि हेही सांगितलं की दुसरा कान वर्षभर टिकला तरी खूप, असं डॉक्टर म्हणतात. ओळख पटवायला एक खूण होती. बोटीवर सगळ्यांच्या वस्तू एकसारख्या, म्हणून बस्त्यांवबाब आपल्या प्रत्येक वस्तूवर आतून खिळ्याने छोटा क्रूस ओरखडायचे. पिकअपच्या बुडालाही तो असणार होता.

लाउडस्पीकरवाला हयात नव्हता. त्याच्या भावाला आठवत होतं की असं काहीतरी चोपडे गावच्या पुंडलिकला दिलं होतं, जो जत्रेच्या नाटकांत गिटार वाजवायचा. गंमत म्हणजे गरवायची दोरी मी वर्षानुवर्षं चोपडेहूनच आणत होतो.

पुंडलिक माझ्याच वयाचा निघाला. नदीत मासेमारी, थोडी शेती, आणि जत्रांच्या हंगामात नाटकांच्या साथीला गिटार. त्याची गिटार देव्हाऱ्याशेजारी खुंटीला टांगलेली होती. कलकत्त्याला बनलेली साधी पोकळ गिटार, तिच्यावर त्याने स्वतः भोकं पाडून दोन पिकअप बसवलेले. झाकणं पांढरी, चकचकीत. मला वाटलं, फेरी फुकट गेली. मूळ पिकअपवर सोन्याचा मुलामा असायला हवा होता. तरी आलोच आहे तर बघू म्हणून मी त्याची परवानगी घेऊन स्क्रू सोडले. बुडाला पेटंटच्या अर्जाची ओळ छापलेली, त्या काळच्या मूळ पिकअपांना असते तशी काळी पट्टी होती, आणि तिच्या शेजारी क्रूस. दुसऱ्यालाही क्रूस. झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे बोट पोचत नाही तिथे, पिवळी रेघ शिल्लक होती.

ही झाकणं आधी पिवळी होती का, असं मी विचारलं. उत्तर पुंडलिकच्या बायकोने, शेवंतीवहिनींनी दिलं.

“पिवळां होतां. म्हटलां पितळ. चवथीक समयो घासतंव, तेवां ह्यांय चिंच लावन घासतंव. पण पितळ कसलां काय जाणा, जितकां घासलां तितकां पांढरां पडत गेलां.”

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं पितळ-तांबं अंगणात निघतं आणि चिंच-राखेने घासून लख्ख होतं. दरवर्षी समई, तांब्या, पंचपात्रीबरोबर हे दोन पिकअपही निघत होते. वहिनींनी मोठ्या निष्ठेने ते घासले होते. मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की ते पितळ नव्हतं, सोन्याचा मुलामा होता. वहिनी वाकून झाकणाच्या कडेची ती पिवळी रेघ बघू लागल्या. पुंडलिक मात्र हसत सुटला.

“इतकी वर्सां हिणां सोन्याक चिंच लायल्यान. आणि माका म्हणता, घरात सोन्याचो मणी नाय.”

मग मी आलो होतो ते सांगितलं. बस्त्यांवबाब कोण, त्यांचा कान, त्यांची इच्छा. पुंडलिकचं हसणं थांबलं. त्याने फार विचार केला नाही. “जेचां तेका जावक व्हयां,” असं म्हणून त्याने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उरलेले स्क्रू स्वतः सोडायला लागला. बदली माझ्याकडचे दोन चांगले पिकअप देतो, असं मी सांगितलं. तो हो म्हणाला, पण त्याचा हात मंदावला. जत्रांचा हंगाम तोंडावर आला होता. हार्मोनियम, तबला, जनरेटरची घरघर आणि हजार माणसांचा गलका, या सगळ्यातून खलनायकाच्या प्रवेशाला त्याचा तो धारदार सूर पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. पंचक्रोशीत लोक त्यावरून त्याला ओळखतात. हे त्याने सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, “दोन आसत मां? मग एक व्हरा, एक ठेवा. एका आवशीचे झील काय एकाच घरात रवतत?”

एका आईचे मुलगे वेगळे राहतात हे खरं, पण माझी पंचाईत झाली. एका कारखान्यात एका वेळी गुंडाळलेली जोडी फोडायची नाही, हा आमच्या छंदातला पहिला नियम. बेंगळुरूच्या त्या गृहस्थांना मी स्वतः त्यावर व्याख्यान दिलेलं आहे. जोडी फोडली की दोन्ही गिटारी उण्या. मी तसं समजावत होतो आणि समजावता समजावता माझी नजर पुंडलिकच्या स्विचवर गेली. स्विच वर केला की मानेकडचा पिकअप लागतो, त्याचा आवाज गोल आणि मऊ. खाली केला की तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याकडचा लागतो, तो धारदार. पुंडलिकने आपला स्विच खाली करून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकली होती. नाटकात धक्का लागून वर जाऊ नये म्हणून. मानेकडचा पिकअप त्याने कधी वापरलाच नव्हता.

आणि बस्त्यांवबाबांचा स्विच? तो मी किती वेळा त्या भोकातून बाहेर काढला असेन. त्याची एक पट्टी वापराने झिजून चकाकायची आणि दुसरी काळी पडलेली असायची. त्यांनी आयुष्यभर वॉल्ट्झ आणि संथ गाणी वाजवली. स्विच कायम वर.

मी आणखी काही समजावलं नाही. मानेकडचा पिकअप रुमालात गुंडाळला. घोडीकडचा पुंडलिकने परत बसवला, आणि मोकळ्या झालेल्या जागी नंतर मी माझ्या कपाटातला एक चांगला घालून दिला.

साखळीला परतल्यावर मी जुझेने आणून दिलेल्या गिटारीतले डिस्कोचे पिकअप काढले. मानेकडे मूळचा बसवला. घोडीकडे मोठ्या आवाजाचा तो नवा परत घालणं मला पटेना, म्हणून तिथे आतून रिकामं, वरून सोनेरी असं एक जुनं झाकण लावलं. तपासायला पुंडलिकला बोलावलं, कारण एवढी वर्षं या वाद्यांत घालवून मला तीन कॉर्डांपलीकडे वाजवता येत नाही. शिकायचं राहून गेलं, ही खंत आहेच. तो फेरफटका मारल्यासारखा आला, माझ्या टेबलाशी बसला आणि एक अभंगाची चाल संथ वाजवली. बाजारात पाव विकणारा पदेर सायकलवरून उतरून दारात उभा राहिला. पुंडलिक वाजवायचा थांबला आणि म्हणाला, हा आवाज माझ्याकडे होता आणि मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, परत हवा का? तो म्हणाला, नको, माझ्या नाटकांत हा ऐकणार कोण.

फोनवर हे काही सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून रोमी कोंकणीत, जशी जमली तशी, एक चिठ्ठी लिहिली आणि जुझे इंग्लंडला निघाला तेव्हा गिटारीच्या पेटीत ठेवली. इथे ती मराठीत देतो.

बस्त्यांवबाब,

जुझेबरोबर गिटार पाठवतो आहे. तारा सैल केल्या आहेत, लावताना हळू लावा. एक दिवस तिला तुमच्या घरातल्या हवेत नुसती ठेवा, मगच वाजवा.

तुमचे दोन्ही पिकअप चोपडेला मिळाले. दोघांवर तुमचा क्रूस आहे. ते पुंडलिक नावाच्या नाटकातल्या गिटारवाल्याकडे होते आणि त्याने ते चांगले सांभाळले. त्यांच्यावरचं सोनं मात्र गेलं. त्याच्या बायकोने पितळ समजून चवथीला चिंचेने घासलं. मुलामा परत देता आला असता, पण मी दिला नाही. एवढ्या चवथी पाहिलेला पिकअप आता तसाच बरा दिसतो. तिला फार वाईट वाटलं आहे आणि तिने पेटीत आमसुलांची पुडी ठेवली आहे. कस्टमवाल्यांनी विचारलं तर जुझे सुटे भाग म्हणून सांगणार आहे.

दोनपैकी एकच मी तुम्हाला पाठवतो आहे, मानेकडचा. दुसरा पुंडलिककडे ठेवला. तो पूर्ण जोडी द्यायला तयार होता, मी घेतली नाही. संग्राहकांच्या हिशेबाने आता तुमची गिटारही मूळ नाही आणि त्याचीही नाही. तुम्ही मला विचारायला सांगितलं होतं तसं मी दोन्ही पिकअपना विचारलं, आणि दोघेही अजून काम करायला तयार आहेत.

अँप ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला ठेवा, आणि जवळ ठेवा. शेजारी तक्रार करतील, करू द्या. स्विच नेहमीसारखा वरच राहू दे. चुकून खाली ओढलात तर काहीच ऐकू येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल दुसराही कान गेला. घाबरू नका. तो आवाज चोपडेला आहे.

तुमचा,
बीएस्सी